झडतीकडून चाचणीकडे



दिवेलागणीच्या वेळी घरची कामं आवरून व्याख्यानाला यायचं, ही पुण्याची जुनी सवय. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये या शहराला ती लावली आणि दीडशे वर्षांनंतरही ती सुटलेली नाही. म्हणूनच विज्ञानाचा थोडा किचकट विषय तुमच्यापुढे ठेवण्याचं धाडस मी करते आहे.

आज मला बोलायचं आहे एका रेघेबद्दल.

2020 चा पावसाळा. एका शाळेत उभारलेलं करोना तपासणी केंद्र. आयुष्यभर लॅबमध्ये काम केलेलं, म्हणून मीही मदतीला गेले होते. एका रिक्षाचालकाचा स्वॅब घेतला, पट्टीवर थेंब टाकले, घड्याळ लावलं. वेळ संपल्यावर पट्टी उचलली. मला वाटलं, रेघ आहे. माझ्याबरोबरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काही नाहीये हो." पट्टी खिडकीपाशी नेली. मग मोबाइलचा टॉर्च लावला. एकदा रेघ दिसायची, एकदा नाहीशी व्हायची. बाहेर तो माणूस उभा. त्याचा प्रश्न एवढाच होता, "ताई, घरी आई आहे. जाऊ का?" त्याला ताप होता, म्हणून नियमाप्रमाणे आरटी-पीसीआरसाठी दुसरा स्वॅब घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. मधली रात्र त्यानं एका खोलीच्या घरात, आईशेजारी काढली होती.

चूक कोणाची? त्या मुलीची? माझ्या डोळ्यांची? त्या रॅपिड अँटिजेन चाचणीबद्दल आयसीएमआरनं जून 2020 मध्ये आकडे उघडपणे सांगितले होते. ती पॉझिटिव्ह म्हणाली तर जवळजवळ खात्रीनं खरं. पण प्रत्यक्ष बाधित असलेल्यांपैकी ती किती जणांना पकडत होती? दोन ठिकाणच्या पडताळणीत 50.6 ते 84 टक्के. म्हणजे एका ठिकाणी दोन रुग्णांतला जवळजवळ एक हातून निसटत होता. विषाणू तिथे होता, आपल्याला तो दिसत नव्हता. व्याख्यानाचा विषय म्हणाल तर एवढाच: जे आहे ते दिसावं कसं?

पण आधी थोडं मागं जाऊ. हा प्रश्न या शहरानं फार महाग किंमत देऊन सोडवायचा प्रयत्न केला आहे.

1897. पुण्यात प्लेग. त्याच्या जंतूचा शोध तीनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगला लागला होता. म्हणजे शत्रूचं नाव माहीत होतं. पण तो कोणाच्या अंगात आहे, हे घरोघरी, झटपट, माणसाच्या अब्रूला धक्का न लावता ओळखायचं साधन कोणाकडेही नव्हतं. मग काय केलं? गोरे सोजीर घरात शिरले. माजघरात गेले, देवघरात गेले. काखेत, जांघेत गाठ आहे का, हे बघायला माणसं उघडी करण्यात आली. सामान रस्त्यावर आलं. त्या जुलमाची परिणती 22 जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली, हे इथं कोणाला सांगायला नको.

त्याच वर्षी, त्याच साथीत, याच शहरात आणखी एक चित्र आहे. मुंढव्याच्या प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचल्या. 10 मार्चला प्लेगनंच त्यांचा बळी घेतला. एकीकडे माणसाला संशयित मानून त्याच्या घरात घुसणारा हात, दुसरीकडे त्याच माणसाला उचलून घेणारा हात.

मी इतिहासकार नाही. परकी सत्ता, तिची मग्रुरी, ही झडतीची मोठी कारणं होती, हे मला मान्य आहे. चांगली चाचणी असती तर रँड सज्जन झाला असता, असं मी म्हणत नाही. पण लॅबमधल्या बाईला त्या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. रोग शोधायचं साधन बोथट असलं, की शोध रोगाचा राहत नाही, माणसाचा होतो. मग झडती येते. 2020 मध्येही ती आली, दारावरच्या स्टिकरच्या रूपानं आली, गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या बांबूंच्या रूपानं आली. कोण बाधित हे कळत नव्हतं, म्हणून अख्खी वस्ती बाधित धरली गेली.

माझे मुद्दे तीन आहेत. रोग नेमका कधी लपतो? त्याच्यावर उजेड कसा पाडायचा? आणि तो उजेड हाती आला की आपल्यावर कोणती जबाबदारी येते?

पहिला मुद्दा. रोग लपतो तो दोन वेळा: येताना आणि जाताना. ऐन भरात असताना त्याला बहुतेक चाचण्या पकडतात. परीक्षा असते ती सुरुवातीला आणि शेवटाला, कारण तेव्हा शरीरात त्याच्या खुणा नावापुरत्या असतात.

एचआयव्हीचं उदाहरण घ्या. संसर्गानंतर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं, त्याला काही आठवडे लागतात. त्याआधी काही दिवस विषाणूच्या गाभ्यातलं पी-24 नावाचं प्रथिन रक्तात तरंगू लागतं. ते मोजायचं पिकोग्रॅममध्ये. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. आकडा ऐकून काही बोध होत नाही ना? मग असं करू. आपलं खडकवासला धरण भरलं की त्यात साधारण दोन टीएमसी पाणी मावतं. त्या सगळ्या पाण्यात मूठभर मीठ, पन्नास-साठ ग्रॅम, टाका आणि विरघळू द्या. आता एक थेंब घ्या. त्या थेंबात मिठाचं जे प्रमाण असेल, ते मिलिलिटरला एक पिकोग्रॅम. चाचणीनं ते मीठ ओळखायचं!

इतकं लवकर ओळखून काय साधतं? याचं उत्तर देण्यात पुण्याचाही वाटा आहे. भोसरीतल्या तेव्हाच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं, आपण जिला 'नारी' म्हणत आलो तिनं, एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला. नऊ देश, 1,763 जोडपी. दोघांतल्या एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. 2011 मध्ये निष्कर्ष आला: औषधं लवकर सुरू केली, तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. पण औषध लवकर सुरू करायचं तर आधी रोग लवकर कळायला हवा. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यांत विषाणू रक्तात प्रचंड वेगानं वाढतो. त्याच आठवड्यांत प्रतिपिंडं शोधणाऱ्या आपल्या जुन्या चाचण्या आंधळ्या असतात.

आता जाताना लपणारा रोग. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिम्वी हे गाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? लघवीतून रक्त जायला लावणारा शिस्टोसोमा हा कृमी आफ्रिकेत कोट्यवधी लोकांना छळतो. भारतात तो नाही, असं मानलं जायचं. 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी तो थेट कोकणात, गिम्वीत शोधून दाखवला. रुग्णांवर उपचार झाले, ज्या छोट्या गोगलगाईच्या आधारानं तो जगतो तिचाही बंदोबस्त झाला. पण रोग संपला, असं छातीठोकपणे कधी म्हणायचं? सूक्ष्मदर्शकाखाली कृमीची अंडी शोधायची, ती तर रोग कमी झाला की सापडत नाहीत. अंडी नाहीत म्हणजे कृमी नाही, असं थोडंच आहे? नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी याच कृमीच्या अंशासाठी चकाकणाऱ्या कणांची पट्टी तयार केली. रोगाला निरोप देतानाही डोळा तीक्ष्णच लागतो.

दुसरा मुद्दा: उजेड.

गरोदरपणाच्या तपासणीची पट्टी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्यातली ती गुलाबी-लाल रेघ कशाची, ठाऊक आहे? बहुतेक वेळा सोन्याची. सोन्याचे कण चाळीसेक नॅनोमीटरचे केले की ते पिवळे दिसत नाहीत, लाल दिसतात. प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. नमुन्यातला अंश त्या कणाला धरतो, कागदासारख्या पट्टीवरून दोघं पुढं सरकतात आणि रेघेवर रोवलेली दुसरी प्रतिपिंडं त्यांना अडवतात. कण साचत गेले की रेघ उमटते. साधी, स्वस्त, सुंदर युक्ती. तिची मर्यादा एकच. पुरेसे कण साचल्याशिवाय आपल्या डोळ्याला लाली जाणवत नाही. थोडे साचले तर रेघ असते आणि दिसत नाही. त्या रिक्षाचालकाच्या पट्टीसारखी.

मग दोन वाटा उरतात. पहिली, रोगाची खूणच वाढवायची. पीसीआर हे करतं. विषाणूच्या जनुकाच्या एकाच्या दोन, दोनाच्या चार प्रती काढत जातं. या शहरात तर भाजीवाल्या मावशीसुद्धा एकमेकींना विचारायच्या, "सीटी किती आली?" ती सीटी व्हॅल्यू म्हणजे काय? कितव्या फेरीला नळीतली चमक यंत्राला दिसली, तो आकडा. म्हणजे तिथंही शेवटी वाचला जातो तो उजेडच. मार्च 2020 मध्ये देशी बनावटीच्या ज्या पहिल्या करोना किटला मान्यता मिळाली, ते पुण्याच्या मायलॅबचं होतं आणि ते घडवणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले. पण पीसीआरला यंत्र लागतं, शीतसाखळी लागते, प्रशिक्षित हात लागतात आणि तास मोडतात.

दुसरी वाट म्हणजे खूण आहे तेवढीच ठेवायची आणि दिवा मोठा करायचा. आजचा विषय तो.

बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात, तेव्हा तिच्यातले बारीक धागे उजळतात. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा, याला अनुस्फुरण म्हणतात. असे पदार्थ नॅनोकणात भरले तर? फिनलंडमधल्या तुर्कूच्या शास्त्रज्ञांनी हे करून दाखवलं. त्यांनी युरोपिअम हा धातू निवडला. 1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत टीव्ही आले, आठवतात? त्या पडद्यावरचा लाल रंग युरोपिअमचाच. तुर्कूच्या मंडळींनी साधारण शंभर नॅनोमीटरच्या प्लास्टिकच्या एकेका मण्यात 30 हजारांहून जास्त युरोपिअमचे अणू बसवले. आपल्या केसाच्या जाडीत असे सातआठशे मणी ओळीनं मावतील. जिथं पूर्वी एका प्रतिपिंडाला एखाददुसरी पणती बांधलेली असायची, तिथं आता अख्खी दीपमाळ आली.

पण दीपमाळ पेटवून भागत नाही. भोवती लखलखाट असला तर ती दिसणार कशी? आणि रक्त, थुंकी, पट्टीचा कागद, ही सगळी जांभळ्या उजेडात थोडी थोडी चमकतात. इथं युरोपिअमचा खरा गुण कामाला येतो. स्वयंपाकघरात स्टीलच्या ताटांची चळत कोसळली आणि त्याच क्षणी देवघरात कोणी घंटा वाजवली, असं समजा. आधी नुसता खणखणाट. घंटा ऐकूच येत नाही. पण क्षणभर थांबा. ताटं गप्प होतात, आणि घंटेचा नाद मात्र अजून रेंगाळत असतो. रक्ताची चमक नॅनोसेकंदांत विझते. युरोपिअमची चमक त्याच्या लाखपट अधिक रेंगाळते, मिलिसेकंदाच्या घरात. म्हणून यंत्र आधी झगमगाट पाडतं, मग काहीशे मायक्रोसेकंद डोळे मिटून घेतं आणि नंतर बघतं. तेव्हा उरलेला उजेड फक्त आपल्या मण्यांचा असतो. या युक्तीनं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेत इंदिरा ह्यूलेट आणि सहकाऱ्यांनी पी-24 पिकोग्रॅमच्याही खाली जाऊन मोजलं. खडकवासल्यातलं मीठ सापडलं! मे 2020 मध्ये अमेरिकेत करोनाच्या ज्या पहिल्या प्रतिजन, म्हणजे अँटिजेन, चाचणीला तातडीची परवानगी मिळाली, तीही अशीच होती: चमकणारे कण आणि ते वाचणारं छोटं यंत्र. खिडकी नको, टॉर्च नको.

याच कुळात इतरही आहेत. क्वांटम डॉट: तेच द्रव्य, पण दोन नॅनोमीटरचा कण निळा, सहाचा लाल. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच. लायडनच्या पट्टीतले कण तर उलटं काम करतात. न दिसणारा अवरक्त प्रकाश घेतात आणि दिसणारा प्रकाश देतात. आपल्या रक्तातलं काहीही हे करू शकत नाही, त्यामुळे तिथं खणखणाटच नाही. आणि 2020 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या चमूनं हिऱ्याचे बारीक कण वापरले. सूक्ष्मलहरी सोडल्या की हे कण हुकमानं मिणमिणतात. बाकीचा उजेड स्थिर राहतो, म्हणून जो मिणमिणतो तो आपला. सोन्याच्या कणांपेक्षा सुमारे एक लाख पट संवेदनशीलता त्यांनी मोजली.

हे सगळं परदेशात आणि आपण नुसते टाळ्या वाजवणारे, असं समजू नका. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी नॅनोकणांच्या संशोधनाची एक पिढी घडवली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तर 2004 मध्ये गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे नॅनो-त्रिकोण तयार केले. सर्दी झाली की आपण जो चहात टाकतो, तोच! आणि विषाणू? राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था 1952 पासून याच शहरात आहे. जानेवारी 2020 मध्ये भारतातला पहिला करोना रुग्ण केरळात सापडला, त्याचं निदान पक्कं झालं ते पुण्यात. कण करणारे इथं, विषाणू ओळखणारे इथं, किट बनवणारे इथं. एका रिक्षाच्या भाड्यात फिरून येता येईल एवढ्या अंतरात. त्यांनी एका टेबलाशी बसायला काय हरकत आहे?

तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड. जबाबदारी.

दिवा मोठा केला की नको ते सुद्धा दिसू लागतं. एखादा मणी चुकून रेघेवर चिकटला तरी यंत्र म्हणतं, सापडला! एक साधं गणित करा. हजार माणसं तपासली, त्यांत दहा आजारी. चाचणी इतकी संवेदनशील की दहाही पकडले. पण निरोगी शंभरांतल्या पाचांनाही ती चुकून आजारी म्हणते. म्हणजे उरलेल्या 990 पैकी जवळजवळ पन्नास जण. हाती साठ पॉझिटिव्ह रिपोर्ट आले आणि त्यांतले पन्नास खोटे. त्या पन्नास घरांवर काय गुदरेल? कामावरून काढलं जाईल, सोयरीक मोडेल, शेजारी दार लावून घेतील. सोजिरांशिवाय झडती! म्हणून म्हणते, चाचणी तीक्ष्ण हवी तशीच ती नेमकीही हवी, आणि पहिल्या रिपोर्टनंतर दुसऱ्या पद्धतीनं खात्री करूनच माणसाला काही सांगायला हवं.

इथं मला एका मराठी बाईंचं नाव घ्यायचं आहे. डॉ. सुनीती सॉलोमन. मूळच्या गायतोंडे, वाढल्या मद्रासमध्ये. 1986 मध्ये त्या आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. सहा नमुने, सहाही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे. त्यांची खात्री पुन्हा वेगळ्या पद्धतीनं करून घेतली. पण सॉलोमनबाई रिपोर्टवर थांबल्या नाहीत. लोक रोगानं मरतात तितकेच तिरस्कारानं मरतात, हे त्यांनी पाहिलं. 1993 मध्ये वडिलांच्या नावानं केंद्र काढलं आणि तिथं तपासणीइतकंच महत्त्व दिलं समुपदेशनाला. आधी माणसाशी बोलायचं, मग सुई टोचायची. रिपोर्ट त्याचा, तो त्यालाच सांगायचा. यंत्र कितीही सुधारलं तरी हे काम यंत्र करणार नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. चमकणाऱ्या पट्टीला वाचक-यंत्र लागतं. ते फक्त जंगली महाराज रस्त्यावरच्या वातानुकूलित लॅबमध्ये राहिलं, तर या विज्ञानाचं चीज झालं नाही. ते वेल्ह्याच्या, भोरच्या आरोग्य केंद्रात, लोडशेडिंगमध्ये, बॅटरीवर चालायला हवं. आशाताईंना वापरता यायला हवं. पट्टीची किंमत मजुराच्या रोजाशी ताडून बघायला हवी. क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम असेल, तर वापरलेली पट्टी मुळा-मुठेत जाणार नाही, हेही बघायला हवं.

आता आवरतं घेते. रोग येताना आणि जाताना लपतो, म्हणून दृष्टी तीक्ष्ण हवी. ती मिळवायची एक वाट म्हणजे मण्यामण्यात भरलेला उजेड आणि क्षणभर थांबून पाहण्याची युक्ती. आणि दिसल्यावर खात्री करणं, गुपित राखणं आणि तो उजेड शेवटच्या घरापर्यंत नेणं, ही आपली माणुसकीची कसोटी.

1897 मध्ये या शहरात रोग शोधायला बंदुका घेऊन माणसं घराघरांत घुसली. तेच काम आज रक्ताच्या एका थेंबात, डोळ्यांना न दिसणाऱ्या मण्यांना करता येऊ लागलं आहे. या प्रवासाला मी प्रगती म्हणते.

तो रिक्षाचालक बरा झाला. आईही बरी झाली, आठ दिवस ऑक्सिजनवर राहून. पुढं महिन्याभरानं तो केंद्रावर पेढे घेऊन आला. मला पेढा देताना म्हणाला, "ताई, त्या दिवशी तुम्ही पट्टी खिडकीपाशी धरून बघत होता, मी दारातून पाहिलं होतं. तुम्हालाच कळत नव्हतं, मला काय कळणार?"

मित्रहो, त्याचं बोलणं खरं होतं. त्याच्यासारखा कोणी पुन्हा दारात उभा राहील, तेव्हा आपल्याला पट्टी खिडकीपाशी न्यावी लागू नये. एवढ्यासाठी मी आज तुमचा वेळ घेतला.